"वरून मंजुरी यायची आहे" : परदेशी कंपनीत वाटाघाट नेमकी कुणाशी करायची?

नोटीसबोर्ड

चाकण, तळेगाव, रांजणगाव, वाळूज, कुठलीही एमआयडीसी घ्या. परदेशी मालकीच्या कारखान्यात वेतनकराराची बोलणी सुरू झाली की टेबलावर एक वाक्य येतंच : "आमची तयारी आहे, पण वरून मंजुरी यायची आहे." हे वर म्हणजे कुठे? भारताचं मुख्य कार्यालय, सिंगापूरचं विभागीय कार्यालय, की थेट सोल, हामामात्सु, वोल्फ्सबुर्ग? कायद्याने मालक म्हणजे इथली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, करारावर सही तिचीच. पण आकडा ठरवणारा माणूस टेबलावर नसतो.

या धाग्यात माहिती जमा व्हावी ती अशी : मूळ देशातलं धोरण इथल्या कामगार संबंधांत कसं उतरतं, आपला कायदा त्याला कुठे अडवतो आणि कुठे वाट करून देतो, आणि परदेशातल्या तक्रार यंत्रणांचा इथल्या युनियनला खरोखर किती उपयोग होतो. अनुभवकथन नको, कलम, तारीख, आकडा आणि कृती लिहा.

कलमदान

चांगला विषय. हे "वर" आलं कुठून, तिथूनच सुरुवात करतो.

१९७३ च्या फेरा (परकीय चलन नियमन) कायद्यामुळे बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतीय कंपनीतला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा लागला. कोका-कोला आणि आयबीएम त्याच वादात १९७७-७८ मध्ये निघून गेल्या. ज्या राहिल्या त्यांचे भागधारक इथले, संचालक बहुतेक इथले, आणि पर्सोनेल मॅनेजरही इथलाच. कामगार संबंधांवर याचा मोठा परिणाम होता : समोर बसलेला माणूस हो म्हणाला की गोष्ट झाली. १९९१ नंतर शंभर टक्के परदेशी मालकीची दारं उघडत गेली. चाकण-तळेगाव पट्टा उभा राहिला तो या दुसऱ्या काळात, आणि तिथल्या बऱ्याच कंपन्या पूर्णपणे मूळ कंपनीच्या मालकीच्या आहेत. प्लँट हेडला इथे उत्पादनाचा अधिकार असतो, पैशाचा नसतो.

मूळ कंपनी दोन नळ्यांतून नियंत्रण ठेवते. एक म्हणजे तुलना. एक गाडी किंवा एक गिअरबॉक्स बनवायला किती माणूस-तास लागतात, हा आकडा जगातल्या सगळ्या प्लँटचा एकाच तक्त्यात लागतो. नवीन मॉडेल कुठे द्यायचं ते त्यावर ठरतं, आणि "करार महाग झाला तर पुढचं मॉडेल दुसरीकडे जाईल" ही धमकी इथूनच जन्मते. धमकी खरी आहे का ते तपासता येतं : त्या मॉडेलचं टूलिंग (साचे, यंत्रं) कुठे बसलंय, पुरवठादार किती अंतरावर आहेत, निर्यात किती टक्के आहे. डाय आणि वेल्डिंग लाइन बसून झाली असेल तर ते मॉडेल सहजी हलत नाही. नवीन मॉडेलचा निर्णय व्हायचा असेल तेव्हा मात्र धमकीत दम असतो.

दुसरी नळी हेडकाउंटची, म्हणजे मंजूर कायम माणसांच्या संख्येची. कायम कामगाराची एक जागा वाढवायची तर मंजुरी परदेशातून लागते. कंत्राटी माणूस मात्र अनेक कंपन्यांच्या हिशोबात "सेवा खरेदी" या शीर्षकाखाली जातो आणि तो हेडकाउंटमध्ये मोजलाच जात नाही. स्थानिक व्यवस्थापकाला लाइन चालवायची असते, म्हणून तो मंजुरी न लागणारा मार्ग धरतो. कायम कामगारांची संख्या जागच्या जागी आणि कंत्राटी दुप्पट, या चित्रामागे दरवेळी कुणाचा कट असतो असं नाही. बहुतेकदा हिशोबाची रचनाच ते घडवते. युनियनने मागणीपत्रात फक्त "कंत्राटी पद्धत बंद करा" लिहिलं तर उत्तर मिळत नाही. "अमुक लाइनवरच्या अमुक स्टेशनांवर कायम जागा मंजूर करून घ्या, त्यासाठीचा प्रस्ताव अमुक तारखेपर्यंत पाठवा" असं लिहिलं तर निदान प्रस्ताव पाठवला की नाही हे विचारता येतं.

आणि कॅलेंडर पाहा. जर्मन, अमेरिकन, कोरियन कंपन्यांचं आर्थिक वर्ष बहुधा जानेवारी ते डिसेंबर. पुढच्या वर्षाचं बजेट शरद ऋतूतच गोठतं. आपल्याकडे करार ३१ मार्चला संपतो आणि मागणीपत्र एप्रिलमध्ये जातं, म्हणजे त्या वर्षाच्या मजुरीचा आकडा आधीच बंद झालेला. मागणीपत्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये द्या आणि आकडा बजेटमध्ये धरल्याचं लेखी विचारा. जपानी कंपन्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं, तिथे हेच काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये.

दुसरी_पाळी

कॅलेंडरचा मुद्दा शंभर टक्के. पण कलमदान साहेब, जपानी, कोरियन, जर्मन असा फरक प्रत्यक्षात किती राहतो? की इथे आल्यावर सगळ्या सारख्याच वागतात?

मीटरगेज

फरक राहतो, पण तिथल्या प्रथेतलं जे सोयीचं तेवढंच इकडे येतं. दोन प्रकरणं तारखांसह मांडतो.

पहिलं हरियाणातल्या मानेसरचं. मारुती सुझुकीत सुझुकीचा हिस्सा त्या वेळी ५४ टक्क्यांच्या आसपास होता. जपानमध्ये एका कंपनीत एक युनियन, तीही कंपनीपुरतीच, ही जुनी पद्धत. मानेसरच्या कामगारांना स्वतःची वेगळी युनियन हवी होती. व्यवस्थापनाचं म्हणणं, गुरगावची युनियन आहे, तीच दोन्ही कारखान्यांची. ४ जून २०११ ला १३ दिवसांचा संप सुरू झाला. कामाच्या वेगाचाही प्रश्न होता : जेवणाला ३० मिनिटं आणि चहाच्या दोन सुट्ट्या साडेसात-साडेसात मिनिटांच्या. त्यात लाइनवरून जागेवर जाणं, रांग आणि परत येणं सगळं धरलेलं. ऑगस्टच्या शेवटी कंपनीने "सद्वर्तनाचा बाँड" लिहून दिल्याशिवाय आत घेणार नाही अशी अट घातली. ती कोंडी ३३ दिवस चालली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा संप झाला आणि त्याच्या शेवटी पुढारी मंडळी पैसे घेऊन कंपनी सोडून गेली. नवीन युनियन २०१२ च्या सुरुवातीला नोंदली गेली. १८ जुलै २०१२ ला हिंसाचार झाला, मनुष्यबळ विभागाचे महाव्यवस्थापक आगीत मृत्युमुखी पडले. ५४६ कायम कामगार एकदम कमी केले गेले, कंत्राटी त्याहून कितीतरी जास्त. मार्च २०१७ मध्ये ३१ जण दोषी ठरले, त्यातल्या १३ जणांना जन्मठेप झाली, ११७ निर्दोष सुटले. इतकी वर्षं आत काढून निर्दोष सुटलेल्यांच्या घरांचं काय झालं असेल, हा विचार मनातून जात नाही.

यात चुकलं काय? जपानमधली युनियन कंपनीपुरती असते खरी, पण तिला तिथे दीर्घ नोकरीची हमी आणि रोजचा सल्लामसलतीचा मार्ग सोबत मिळालेला असतो. इथे एका युनियनची अट आली, हमी आली नाही. निम्म्याहून जास्त लाइन कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी कामगारांवर चालत असेल तर तक्रार वर पोचवायला दारच उरत नाही.

दुसरं श्रीपेरुंबुदूरचं. सॅमसंगने कोरियातच कित्येक दशकं युनियन येऊ दिली नव्हती. कंपनीच्या प्रमुखांनी मे २०२० मध्ये जाहीर माफी मागून ते धोरण सोडल्याचं सांगितलं. पण २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या कामगारांनी युनियन नोंदणीला अर्ज केला तेव्हा कंपनीने "सॅमसंग" हे नाव युनियनच्या नावात वापरण्याला हरकत घेतली. ९ सप्टेंबरला संप सुरू झाला, १५ ऑक्टोबरला मिटला, ३७ दिवस. साधारण १,८०० कायम कामगारांपैकी हजाराहून जास्त बाहेर होते. नोंदणी झाली २७ जानेवारी २०२५ ला, तीही प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेल्यावर. ट्रेड युनियन कायद्यात नोंदणी ही फक्त कागदपत्रं तपासून करायची गोष्ट आहे. मालकाची संमती त्यात कुठेच लागत नाही. तरी सहा महिन्यांहून जास्त काळ गेला, कारण राज्य सरकारला गुंतवणूकदार नाराज व्हायला नको होता.

परदेशी कंपनीचा प्रभाव असा दोन वाटांनी येतो : थेट व्यवस्थापनातून, आणि सरकारच्या भीतीतून. दुसरी वाट जास्त कठीण.

वाळूज_फेज२

+१. आणि जर्मनीबद्दल : तिथे १९७६ च्या कायद्याने दोन हजारांवर कर्मचारी असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षी मंडळात निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या. फोक्सवागनच्या घरात कामगार प्रतिनिधी इतके ताकदवान, पण तिच्याच अमेरिकेतल्या चॅटनूगा कारखान्यात युनियन २०१४ मध्ये ७१२ विरुद्ध ६२६ मतांनी हरली, २०१९ मध्ये पुन्हा हरली, आणि २०२४ मध्ये २,६२८ विरुद्ध ९८५ ने जिंकली. इंडस्ट्रीऑल या जागतिक महासंघाने चॅटनूगावरूनच जानेवारी २०१९ मध्ये फोक्सवागनसोबतचा जागतिक करार स्थगित केला होता. यजमान देशाचा कायदा जेवढी मुभा देतो तेवढी कंपनी घेते. मायदेशातली सभ्यता आपोआप बोटीत बसून येत नाही.

कलमदान

अगदी. म्हणून आपल्या कायद्यावर येऊ. महाराष्ट्रातल्या लोकांकडे एक हत्यार आहे जे तमिळनाडू-हरियाणात नव्हतं : १९७१ चा एमआरटीयू-पीयूएलपी, म्हणजे कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध, हा कायदा. अंमल ८ सप्टेंबर १९७५ पासून. त्यात युनियनला नुसती नोंदणी नाही, तर *मान्यता* मिळते, आणि ती मालक देत नाही, औद्योगिक न्यायालय देतं.

क्रम असा. आधी नोंदणी : किमान सात जण, आणि शिवाय त्या आस्थापनेतले १० टक्के किंवा १०० कामगार, जे कमी असेल ते. मग मान्यतेचा अर्ज. उपक्रमात ५० किंवा जास्त कामगार हवेत आणि अर्जाच्या आधीचे सलग सहा कॅलेंडर महिने तुमचे सभासद किमान ३० टक्के असले पाहिजेत. युनियनच्या घटनेत चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात : महिन्याला किमान ५० पैसे वर्गणी, कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांच्या आत एकदा तरी, सगळे ठराव इतिवृत्त वहीत, आणि सरकारने नेमलेल्या लेखापरीक्षकाला हिशोब तपासू देणं. मग न्यायालय नोटीस लावतं, हरकती ऐकतं, तपास अधिकारी सभासदत्व पडताळतो.

इथे अर्ज पडतात ते दोन कारणांनी. एक, सहा महिन्यांपैकी एखाद्या महिन्याची वर्गणी नंतर एकदम घेऊन पावत्या मागच्या तारखेने फाडलेल्या. पावती क्रमांक आणि बँकेतला भरणा जुळत नाही, खेळ खलास. दोन, अर्जाआधीच्या सहा महिन्यांत बेकायदा संपाला चिथावणी. तरुण पोरं रागाच्या भरात एक दिवस लाइन बंद करतात आणि मान्यता सहा महिने लांब जाते. व्यवस्थापनाला हे ठाऊक असतं, त्या काळात डिवचण्याचे प्रकार वाढतात. त्या सहा महिन्यांत पुढाऱ्यांचं पहिलं काम म्हणजे लाइन शांत ठेवणं.

कंपनीने स्वतःची खिशातली युनियन पुढे केली तर कलम १२ खाली हरकत घ्या. अर्ज कामगारांच्या हिताचा नसून मालकाच्या हिताचा आहे असं दिसलं तर न्यायालय मान्यता देत नाही.

अनुचित प्रथेची तक्रार : घटनेपासून ९० दिवसांत. अनुसूची ४ मधला मुद्दा ६ (माणसांना वर्षानुवर्षं बदली-हंगामी ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणं) आणि मुद्दा ९ (करार न पाळणं) सगळ्यात जास्त वापरात. मुद्दा १, म्हणजे बडतर्फी, कामगार न्यायालयात जातो, बाकीचे औद्योगिक न्यायालयात. चुकीच्या दारात गेलात तर ९० दिवस तिथेच संपतात.

आता संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आहे. तिच्यात ५१ टक्के सभासद असलेली युनियन एकमेव वाटाघाटी युनियन, तेवढे कुणाकडेच नसतील तर २० टक्क्यांवरच्या युनियनांची वाटाघाटी परिषद. संपाला १४ दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांना. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात ती सक्ती फक्त लोकोपयोगी सेवांना होती. निम्मे किंवा जास्त लोक ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजेवर गेले तरी तो संपच. ले-ऑफ, कामगार कपात आणि कारखाना बंद करणं यांच्या परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली. जुना राज्य कायदा आणि नवी संहिता यांतली कुठली तरतूद लावून अर्ज टाकायचा ते वकिलाकडून आधी लेखी घ्या, आणि तयारी ३० ची नव्हे, ५१ टक्क्यांची ठेवा.

सुपा_टोलनाका

कंत्राटी लोकांनी मुद्दा ६ खाली तक्रार केली तर ती टिकत नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिप्ला प्रकरणात म्हटलं की मालक-कामगार नातंच वादात असेल तर या कायद्याखालची तक्रार चालणार नाही, ते नातं आधी औद्योगिक विवादात सिद्ध करा. त्याच वर्षी कल्याणी स्टील्स प्रकरणातही तेच. आधी औद्योगिक विवादात "कंत्राट बोगस आहे" हे सिद्ध करायचं, मग पुढे. त्यात वर्षं जातात.

पुरावा म्हणून काय चालतं : कंपनीच्या सुपरवायझरने थेट काम वाटल्याचे शिफ्ट चार्ट, कंपनीच्या ईमेलवरून मंजूर झालेली रजा, कंपनीच्या शिक्क्याचं प्रशिक्षण प्रमाणपत्र, स्किल मॅट्रिक्सच्या फलकावर कंत्राटी कामगाराचं नाव. हा स्किल मॅट्रिक्स जपानी पद्धतीच्या प्रत्येक लाइनवर लावलेला असतो. कोण कुठल्या स्टेशनवर किती तयार, चार भागांच्या वर्तुळात भरलेलं. मूळ कंपनीच्या ऑडिटसाठी तो ठेवावाच लागतो.

आणि अप्रेंटिस? १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याच्या कलम १८ नुसार ते कामगार नाहीत, प्रशिक्षणार्थी आहेत. "नीम" ही सरकारी प्रशिक्षण योजना बंद झाल्यावर तीच मुलं दुसऱ्या योजनांच्या नावाने लाइनवर दिसतात. टक्केवारी मोजताना ते हिशोबात धरत नाहीत, म्हणून ३० किंवा ५१ टक्के गाठणं कागदावर सोपं होतं. पण संपाच्या दिवशी लाइन तेच चालवतात. सभासदत्व ९५ टक्के असूनही संप का फसतो याचं उत्तर इथे आहे.

दुसरी_पाळी

सुपा दादा, हा शेवटचा परिच्छेद सगळ्या कमिटी मेंबरांनी वाचावा असा आहे.

परदेशातल्या यंत्रणांबद्दल कुणी लिहिणार का? ओईसीडी वगैरे नावं ऐकू येतात, पण त्यातून प्रत्यक्षात मिळतं काय?

पासपोर्ट_फोटो

लिहिते. आधी हे लक्षात घ्या की यातली कुठलीही यंत्रणा कारखान्यातल्या सभासदत्वाची जागा घेत नाही.

ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक सहकार्य संघटना) हिची बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं. १९७६ ची, शेवटची सुधारणा २०२३ मध्ये. भारत त्यात सहभागी नाही, पण जर्मनी, जपान, कोरिया, फ्रान्स, अमेरिका आहेत. आपल्या कारखान्याची तक्रार मूळ देशातल्या राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे जाते. प्रकरण पाचवं, रोजगार आणि औद्योगिक संबंधांचं. तक्रारीत हवं : तुम्ही कोण, मूळ कंपनी आणि इथली उपकंपनी यांचं मालकीनातं (कंपनी निबंधकाकडच्या नोंदी पुरतात), घटना तारीखवार, कुठलं तत्त्व मोडलं, आणि तुम्हाला नेमकं काय हवं. शेवटचा भाग बहुतेक जण मोघम लिहितात. "न्याय मिळावा" नको, "निलंबित ७ जणांना कामावर घ्यावं आणि मान्यताप्राप्त युनियनशी ६० दिवसांत बोलणी सुरू करावीत" असं हवं. प्राथमिक छाननीला सुमारे तीन महिने, सगळं मिळून वर्ष किंवा जास्त. दंड नाही, सक्ती नाही. मध्यस्थी होते आणि शेवटी जाहीर निवेदन निघतं. त्या निवेदनाला किंमत येते ती मूळ देशातल्या वृत्तपत्रांमुळे आणि पेन्शन फंडांमुळे.

एक भोक : तैवान यात नाही. मोबाइल जुळणी करणाऱ्या तैवानी कंपन्यांची थेट तक्रार होत नाही, ज्या ब्रँडसाठी त्या बनवतात त्याच्या देशात जावं लागतं.

जर्मनीचा पुरवठासाखळी कायदा. १ जानेवारी २०२३ पासून, जर्मनीत ३,००० कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, २०२४ पासून १,००० वाल्यांनाही. मूळ कंपनीचं निर्णायक नियंत्रण असलेली परदेशी उपकंपनी तिच्या स्वतःच्याच क्षेत्रात मोडते, म्हणजे चाकणची शंभर टक्के उपकंपनी "पुरवठादार" नव्हे, घरचीच. संघटना स्वातंत्र्य नाकारणं हा त्यात नमूद धोका आहे. कंपनीला तक्रारीची व्यवस्था उघडी ठेवावी लागते, आणि बाफा या जर्मन सरकारी कार्यालयाकडे बाधित व्यक्ती थेट अर्ज करू शकते. इथे दंड खरा आहे. हा कायदा सौम्य करण्याचा रेटा जर्मनीत चालू आहे, तेव्हा वेळ घालवू नका.

जागतिक आराखडा करार. पहिला दानोन आणि आययूएफ (अन्न उद्योगातल्या युनियनांचा जागतिक महासंघ) यांचा १९८८ चा. फोक्सवागन २००२, बॉश २००४. कंपनी आणि जागतिक महासंघ यांच्यातला करार. बहुतेक करारांत पुरवठादारांचाही उल्लेख असतो. तुमची युनियन संलग्न असेल तर तक्रार महासंघामार्फत मुख्यालयात पोचते. संलग्न नसेल तर करार तुमच्यासाठी फक्त कागद. इथल्या अंतर्गत युनियन बहुतेक कुठेच संलग्न नसतात, आणि पुण्याच्या पट्ट्यातली ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते.

भारताने आयएलओचे (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार, म्हणजे संघटना स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाट, अजून मान्य केलेले नाहीत. कंपन्या ते पुढे करतात. पण कंपनीची स्वतःची आचारसंहिता बहुधा तेच दोन करार नावानिशी उद्धृत करते. ती डाउनलोड करून त्या पानाची प्रत मागणीपत्राला जोडा.

मीटरगेज

ताई, माहिती नेमकी आहे, पण आचारसंहितेवर भिस्त ठेवण्याबद्दल माझी हरकत आहे. कर्नाटकात नरसापूरला ॲपलचे फोन जुळवणाऱ्या विस्ट्रॉनमध्ये १२ डिसेंबर २०२० ला तोडफोड झाली. ॲपलची पुरवठादार संहिता होती, ऑडिट होतं, सगळं होतं. थोड्या महिन्यांत कामगारसंख्या प्रचंड वाढवली, बहुतांश लोक सहा-सात कंत्राटदारांमार्फत, बारा तासांच्या पाळ्या, आणि हजेरी नोंदीतल्या गोंधळामुळे हातात ठरल्यापेक्षा कमी पगार. कामगार कित्येक आठवडे सांगत होते. ॲपलने कंपनीला प्रोबेशनवर टाकलं ते काचा फुटल्यावर. बांगलादेशातल्या राणा प्लाझा या इमारतीतल्या काही कपडे कारखान्यांचंही सामाजिक ऑडिट झालेलं होतं, आणि २४ एप्रिल २०१३ ला ती इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भेगा दिसल्या होत्या. खालची बँक बंद केली, शिवणकामाच्या लोकांना वर पाठवलं. "आम्ही आत जाणार नाही" एवढं म्हणायला पाठीशी युनियन नव्हती.

पासपोर्ट_फोटो

हरकत मान्य आहे, आणि म्हणूनच मी भिस्त म्हटलं नाही, जोडा म्हटलं. तुमचंच उदाहरण पुढे नेते. राणा प्लाझानंतर कारखान्यांच्या सुरक्षेसाठी जो अकॉर्ड नावाचा करार झाला तो वेगळा का ठरला? दोनशेहून जास्त ब्रँडनी सही केली, समोर जागतिक युनियन होत्या, आणि करार *बंधनकारक* होता : ब्रँडने पाळला नाही तर लवाद. युनियननी दोन ब्रँडना खरोखर लवादात खेचलं, त्यातल्या एका प्रकरणात जानेवारी २०१८ मध्ये २३ लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यातला बहुतेक पैसा कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी. ऑडिटचा अहवाल ब्रँडच्या कपाटात जातो, अकॉर्डचे तपासणी अहवाल जाहीर होते.

आपल्याकडे दिंडीगुलचा २०२२ चा करार त्याच धर्तीचा. कारखान्यातल्या एका तरुण कामगार स्त्रीच्या खुनानंतर तमिळनाडूतली दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालची युनियन, कारखान्याचा मालक आणि एच अँड एमसारखे ब्रँड यांच्यात लैंगिक छळ आणि जातीभेदाविरुद्ध बंधनकारक करार झाला. कारखान्यात देखरेखीसाठी कामगारच नेमले, आणि कारखान्याने करार मोडला तर ब्रँडने ऑर्डर रोखायची. ऑर्डर रोखण्याचं कलम नसतं तर बाकीचं सगळं भाषण झालं असतं.

तळेगाव_दाभाडे

कंपनी निघून जाते तेव्हाचं कुणीच लिहिलं नाही. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, तळेगाव निर्यातीसाठी चालू ठेवलं, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद. जानेवारी २०२० ला चिनी ग्रेट वॉलशी विक्रीचा करार झाला होता, सरकारी मंजुऱ्या न आल्याने तो जून २०२२ अखेर बारगळला. मग ह्युंदाईने २०२३ मध्ये करार करून कारखाना घेतला. मधल्या काळात, एप्रिल २०२१ मध्ये, १,४१९ कामगारांना ले-ऑफ.

लक्षात ठेवायचं ते एक. ह्युंदाईने घेतली ती जमीन, इमारत आणि ठरावीक यंत्रं, म्हणजे *मालमत्ता*. चालता उपक्रम हस्तांतरित झाला तर जुन्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २५एफएफ लागायचं : सेवा अखंड धरून तशाच अटींवर नवीन मालकाकडे जा, नाहीतर कपातीएवढी भरपाई. नुसती मालमत्ता विकली की नवीन मालक म्हणतो, माणसं आमची नव्हेत. म्हणून वेतनकरारातच कलम घालून घ्या : कारखाना, जमीन किंवा मुख्य यंत्रसामग्री विकण्याची बोलणी सुरू झाल्यास युनियनला अमुक दिवस आधी लेखी कळवणं, विक्रीच्या करारात कामगारांना सामावून घेण्याची अट घालणं, आणि तसं न झाल्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे अमुक दिवसांचा पगार. कंपनी मजेत चालू असताना हे कलम स्वस्तात मिळतं. विक्रीची बातमी फुटल्यावर कोणत्याही किमतीला मिळत नाही.

नोटीसबोर्ड

तळेगाव, हे सोन्यासारखं लिहिलंत. वेतनकराराचा विषय निघालाच आहे, तर सीटीसीचं (कामगारावर कंपनीचा होणारा एकूण खर्च) गणित कुणी मांडेल का? "बारा हजारांची वाढ" फलकावर झळकते आणि हातात वेगळंच येतं.

सुपा_टोलनाका

घ्या. तीन वर्षांसाठी दरमहा १२,००० ची वाढ, सीटीसीत, विभागणी ५०:२५:२५. समजा सगळी वाढ मूळ वेतनात घातली आणि पीएफ पूर्ण वेतनावर आहे. कंपनी तिच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ आणि ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी याच १२,००० मधून धरते. म्हणजे १२,००० भागिले १.१६८१ = १०,२७३ एकूण पगारात. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ १,२३३ जातो. हातात ९,०४०, आणि तेही तिसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी निम्मे, ४,५२०. मेडिक्लेमचा वाढीव हप्ता किंवा बसचं भाडं सीटीसीत टाकलं असेल तर अजून कमी.

पीएफ-ग्रॅच्युइटी हे तुमचेच पैसे आहेत, ते बुडाले नाहीत. म्हणून वाढ भत्त्यात घ्या असा सल्ला मी देणार नाही. शिवाय नव्या संहितांमधल्या वेतनाच्या व्याख्येनुसार वगळलेले भत्ते ५० टक्क्यांच्या वर गेले की वरचा भाग वेतनातच धरला जातो. फक्त मागणीपत्रात "सीटीसी" हा शब्दच येऊ देऊ नका. "एकूण पगारात वाढ, वैधानिक देणी वेगळी" असं लिहा. परदेशातल्या मंजुरीच्या तक्त्यात आकडा सीटीसीनेच जातो, ती भाषांतराची जबाबदारी व्यवस्थापनाची.

दुसरी_पाळी

एक शेवटची शंका. सभासदांची वर्गणी हल्ली यूपीआयने घेतात. पडताळणीत ते चालतं का, की छापील पावतीपुस्तकच लागतं?

कलमदान

यूपीआयने घ्यायला हरकत नाही, पण पैसे युनियनच्या बँक खात्यात थेट आले पाहिजेत, खजिनदाराच्या खाजगी खात्यात नव्हे. प्रत्येक भरण्यामागे त्याच महिन्यात क्रमांकित पावती फाडा, तिच्यावर व्यवहार क्रमांक लिहा, आणि सभासद नोंदवहीत नाव, टोकन नंबर, विभाग, महिना, पावती क्रमांक अशा रकान्यांत चढवा. सहा महिन्यांचे सहा वेगळे भरणे हवेत. सहा महिन्यांची वर्गणी एकदम आगाऊ घेतली असेल तर तसं पावतीवर महिन्यांसह स्पष्ट लिहा. पावतीची स्थळप्रत कारखान्याच्या आवारातल्या लॉकरमध्ये ठेवू नका. ती युनियनच्या कार्यालयात, आणि दर महिन्याचे फोटो दोन वेगळ्या पदाधिकाऱ्यांकडे.